गॅरेजमधला नवरा

तोंडात टाचण्या होत्या, म्हणून विनिता किंचाळली नाही एवढंच.

फोन शिलाई मशीनशेजारी स्पीकरवर ठेवलेला होता आणि त्यातून मघापासून तेच ते रटाळ संगीत वाजत होतं. समोरच्या स्टुलावर एक ढेरपोट्या गोरा नवरदेव उभा होता. शनिवारी त्याचं लग्न होतं आणि विनिता गुडघ्यांवर बसून त्याच्या पँटची उंची टाचत होती. एवढ्यात संगीत थांबलं आणि टॅक्स ऑफिसमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमचे पैसे आम्ही थांबवलेत, कारण तुम्ही आणि तुमचे पार्टनर मेपासून पुन्हा एकत्र राहताय. त्यांनी स्वतःच तसं कळवलंय."

टाचणी नवरदेवाच्या घोट्यात गेली.

"नो वरीज," तो बिचारा घोटा चोळत म्हणाला. विनिताचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिने टाचण्या तळहातावर थुंकल्या आणि फोन कानाला लावला. बाई समजुतीने पुढे सांगत होती. एकट्या आईला मिळणारी टॅक्स क्रेडिट मेपासून बंद. मेपासून जी जमा झाली ती परत करायची. घरात इंजिनियरचा पगार येत असल्यावर या पैशांवर हक्क उरत नाही. आणि आता असा प्रश्न उभा राहिलाय, की मागच्या वर्षी तरी तुम्ही दोघं खरोखर वेगळे होतात का? नसलात, तर तेही सगळं परत करावं लागेल. तुमच्या ऑनलाइन खात्यात पत्रं पाठवली होती, पाहिली नाहीत का?

विनिताने पाहिली नव्हती. ते खातं गुरुदत्तच उघडून द्यायचा, पासवर्ड त्यालाच ठाऊक होता. वेगळे झाल्यावरही तिने तो बदलला नव्हता. आळस, दुसरं काय.

फोन ठेवला तेव्हा ऑफिसवाल्या बाईचा तिला राग आला नाही. तिने कागदावर दिसलं ते सांगितलं. राग आला तो गुरुदत्तचा, आणि असा आला, की त्या क्षणी तो स्टुलावर उभा असता तर टाचणी घोट्यात गेली नसती, आणखी वर कुठेतरी गेली असती.

गोष्ट अशी होती. गुरुदत्त आणि विनिता ख्राइस्टचर्चला आले ते भूकंपानंतर, दोन हजार बाराच्या सुमारास. पडलेलं शहर पुन्हा उभं करायला इंजिनियर हवे होते आणि गुरुदत्त इमारतींचं गणित मांडणारा इंजिनियर होता. विनिताला मॉलमध्ये कपडे आल्टर करायच्या दुकानात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. मुलगी जुई तेव्हा पाच वर्षांची. तीन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी टोस्टला बटर लावता लावता गुरुदत्त म्हणाला, "मला आता हे नको वाटतं." हे म्हणजे काय, तर विनिता. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, मारहाण नव्हती. असती तर निदान लोकांना सांगायला काहीतरी झालं असतं. तो शहरातल्याच अॅडिंग्टन भागात एका सहकाऱ्याबरोबर राहायला गेला आणि विनिताने नियमाप्रमाणे टॅक्स ऑफिसला कळवलं. कमी कमाई आणि पदरात मूल असलेल्या घराला इथलं सरकार टॅक्समधून दर आठवड्याला काही पैसे देतं, ते तिला मिळू लागले. मुलीच्या खर्चाचा गुरुदत्तचा वाटाही त्याच ऑफिसमार्फत यायचा. त्यात भाडं, बस, जुईचं स्विमिंग असं सगळं भागायचं. कसंबसं, पण भागायचं.

फक्त मिरजेला गुरुदत्तच्या आई-बाबांना काही सांगितलं नव्हतं. "आईचं बीपी," गुरुदत्त म्हणायचा. दर रविवारी तो यायचा, विनिताच्या शेजारी सोफ्यावर बसायचा आणि दोघं मिळून व्हिडिओ कॉलवर हसायचे. कॉल संपला की चहाही न घेता निघून जायचा.

मग यंदा एप्रिलमध्ये आई-बाबांचा व्हिसा आला. तीन महिन्यांचा मुक्काम. गुरुदत्त दारात उभा राहून अक्षरशः हात जोडून म्हणाला होता, "विनू, फक्त तीन महिने. त्या दोघांना हे कळलं तर मरतील ती. मी गॅरेजमध्ये झोपीन. तुला काही त्रास होणार नाही."

विनिताने हो म्हटलं ते त्याच्यासाठी नव्हे. शकुंतलाबाईंसाठी. सासू म्हणून त्या तिला कधी टोचून बोलल्या नव्हत्या. जन्मभर मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून राबलेली बाई, बोलणं तोडून टाकणारं पण मन स्वच्छ. जुईच्या बाळंतपणात चाळीस दिवस त्यांनी विनिताला स्वतःच्या हातांनी शेक दिला होता. स्वतःच्या आईनेही केलं नसतं इतकं केलं होतं. अशा बाईला दुःख कोण देणार?

म्हणून नाटक सुरू झालं. जेवणं झाली, टीव्हीवरचा रग्बी संपला, सासरे बाळासाहेब आणि शकुंतलाबाई आपल्या खोलीत गेले, की गुरुदत्त विनिताच्या खोलीत शिरायचा आणि तिच्या काचेच्या सरकत्या दारातून मागच्या अंगणात उतरून गॅरेजमध्ये जायचा. तिथे हवेची गादी, स्लीपिंग बॅग आणि हीटर. सकाळी शकुंतलाबाई चहाला उठायच्या आत तो त्याच दारातून परत आत. एकदा जुई नाश्त्याला सहज म्हणाली, "डॅड स्लीप्स इन द गॅरेज," तर विनिताने हसून सांगितलं, "घोरतो ना फार, म्हणून कधीकधी पाठवते." शकुंतलाबाईही हसल्या. "याचे बाबा पण तसलेच," त्या म्हणाल्या.

आणि या नाटकाचं तिकीट गुरुदत्तने टॅक्स ऑफिसात जाऊन वटवलं होतं.

त्या संध्याकाळी आई-बाबा जुईला घेऊन पार्कात गेले तशी विनिता गॅरेजमध्ये गेली. तो गादीत हवा भरत होता.

"तू ऑफिसला कळवलंस आपण एकत्र आलोय म्हणून?"

पंप चालवणारा त्याचा पाय थांबला. नाकारेल असं तिला वाटलं होतं. त्याने नाकारलं नाही, तेच जास्त झोंबलं.

"मग? राहतोय ना मी इथं? माझे कपडे इथं, माझी ग्रोसरी इथं. त्या फॉर्मवर विचारतात, एकाच पत्त्यावर राहता का? राहतो. मी खोटं कुठं बोललो?"

"गॅरेजमध्ये राहतोस."

"तसा ऑप्शन नाहीये गं त्यात."

"जुईचे पैसे बंद केलेस. मला म्हणालास, यंदा जरा मागेपुढे होईल."

"त्याच घरात राहून मी कुणाला चाइल्ड सपोर्ट द्यायचा? लॉजिकली विचार कर. आणि आई-बाबांचा खर्च कुणी केला? क्वीन्सटाउन, हेलिकॉप्टर, ते काय फुकट होतं?"

विनिताला एकदम उमगलं. हेलिकॉप्टरमधून हिमनदीवर उतरलेल्या सासूबाईंचा फोटो, शाल डोक्यावरून घेतलेली, लहान मुलीसारखं हसू. महाराष्ट्र मंडळाच्या पेजवर सव्वादोनशे लोकांनी त्याला लाइक केलं होतं. 'आईचं स्वप्न पूर्ण केलं', असं खाली लिहिलं होतं सेक्रेटरी गुरुदत्त यांनी. ते स्वप्न जुईच्या स्विमिंगच्या पैशांवर उडालं होतं.

"आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग, आपण वेगळे आहोत."

"म्हणजे मी खोटी माहिती दिली असं होईल. माझ्या नावावर डाग. नाही हं." तो पुन्हा पंपावर पाय ठेवत म्हणाला, "तू हप्ता बांधून घे ना. देतात ते. अर्धे मी देईन वाटलं तर."

"आणि मी आईंना सांगितलं तर?"

यावर तो हसला. "तू? तू आईला दुखावणार? जमणार नाही तुला, विनू."

त्याने तिला बरोबर ओळखलं होतं. त्याचा सगळा हिशोब तिच्या चांगुलपणावर उभा होता, आणि याचाच तिला अंगाचा तिळपापड होईस्तोवर राग आला. दुसऱ्याच्या भलेपणावर इमला बांधणाऱ्या माणसाला इंजिनियर कुणी केला?

पुढचे काही दिवस विनिताने काहीच केलं नाही, म्हणजे दिसेल असं काही केलं नाही. त्याच्या ऑफिसच्या पँटी धुवायला आल्या की त्या ती दुकानात नेई आणि जेवणाच्या सुट्टीत कंबर अर्धा इंच आत घेई. शिवण इतकी साफ, की मुरलेल्या शिंप्यालाही कळू नये. दुसऱ्या आठवड्यात आणखी अर्धा इंच. गुरुदत्त रात्री भात बंद करून बसला. मग पोळी बंद केली. "आई, तुझ्या हातचं खाऊन वाढलंय," असं म्हणून सॅलड चघळू लागला. "खा रे, थंडीत अंगावर असलेलं बरं," शकुंतलाबाई म्हणायच्या आणि विनिता त्याच्या ताटाकडे बघून मनातल्या मनात नाचायची. हलका आनंद होता तो, तिला माहीत होतं. पण होता.

पण पँटी आत घेऊन कर्ज फिटत नाही. ऑफिसने उत्तरासाठी महिनाअखेरची तारीख दिली होती. आपण वेगळे होतो हे दाखवायला काहीतरी हवं होतं. गुरुदत्त कागद देणार नाही. मग देणार कोण?

आई-बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी सत्यनारायण ठरला होता. कल्पना शकुंतलाबाईंची. "तुमच्या घरात माझ्या डोळ्यांदेखत एकदा पूजा होऊ दे," त्या म्हणाल्या होत्या. गुरुदत्तने अख्ख्या मंडळाला बोलावलं. मिरवायची संधी तो कधी सोडत नसे. सकाळपासून गाड्या येऊ लागल्या. दाराशी बूट, चपला आणि जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी सपातांचा, ढीग पडला. लाउंजमधला सोफा अंगणात काढून ठेवला होता आणि कार्पेटवर तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसली होती. पूजा सांगायला हरीश होता. आठवडाभर काउन्सिलमध्ये बांधकामांचे नकाशे तपासायचा आणि शनिवार-रविवार टॅबलेटवरून पोथी वाचायचा. आवाज चांगला होता त्याचा, उच्चारही स्वच्छ. दक्षिणा मात्र बँक ट्रान्सफरने घेई.

गुरुदत्त रेशमी कुडत्यात श्वास ओढून पाटावर बसला. विनिता त्याच्या शेजारी, हिरवी पैठणी, नाकात नथ. आरशात बघताना सकाळीच तिच्या मनात आलं होतं, की एवढं नटून आपण कुणाची वरात काढणार आहोत? तोवरही तिचं ठरलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाटावर बसेपर्यंत ठरलेलं नव्हतं.

हरीशने संकल्प सुरू केला. देश, काळ, गोत्र, दक्षिण गोलार्धातलं ते ख्राइस्टचर्च नगर, सगळं त्याने ठणठणीत आवाजात म्हटलं. गुरुदत्तच्या उजव्या हातावर पाणी, अक्षता, फूल आलं.

"यजमानीणबाई, हात लावा."

नवऱ्याने पुण्य करायचं आणि बायकोने त्याच्या हाताला बोट लावून निम्मं आपलंसं करायचं, एवढाच तो विधी. लग्नापासून किती वेळा लावलं असेल तिने ते बोट. आताही तिचा हात सवयीने उचलला गेला. मग तिला गॅरेजमधलं ते हसू दिसलं. जमणार नाही तुला, विनू.

तिने हात पदराखाली घेतला.

"हात लावा, यजमानीणबाई," हरीश पुन्हा म्हणाला. त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. गुरुदत्त ओठ न हलवता पुटपुटला, "लाव ना." मागून शकुंतलाबाई मायेने म्हणाल्या, "विनू, हात लाव गं. पाणी सांडेल."

"नाही लावणार, आई," विनिता म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तेवढ्या खोलीला पुरला. "यजमानीण लावते. मी यांची बायको नाही राहिले. दीड वर्ष झालं आम्हाला वेगळं होऊन. हे अॅडिंग्टनला राहतात. तुम्ही आलात म्हणून तीन महिने गॅरेजमध्ये झोपतायत. हरीश, त्या दाराच्या पलीकडं गादी आहे, जाऊन बघा वाटलं तर."

कुणीतरी तान्ह्याला गप्प करत होतं तेही थांबलं.

"आणि आता यांनी सरकारला कळवलंय की आम्ही सुखाने एकत्र नांदतोय. त्यामुळं जुईचे पैसे द्यावे लागत नाहीत. त्याच पैशांतून तुम्हाला हेलिकॉप्टरमध्ये बसवलं, आई. माझ्याकडून मात्र सरकार सगळं परत मागतंय. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. लागले तर साक्षीदार असावेत."

गुरुदत्तच्या हातातलं पाणी ताम्हनात नाही, कार्पेटवर सांडलं. त्याचा चेहरा तिने डोळे भरून पाहिला. मंडळाचा सेक्रेटरी, आईचं स्वप्न पूर्ण करणारा मुलगा, लाल, मग पांढरा, मग पुन्हा लाल. तिला वाटलं होतं असं केल्यावर रडू येईल. रडू आलं नाही. उन्हाळ्यात थंडगार ताक प्यावं तसं आतपर्यंत गार वाटलं. सूड घेऊन माणूस रिकामा होतो म्हणतात. विनिता तरी गच्च भरली होती.

मग तिने मागे वळून पाहिलं. शकुंतलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळासाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "शकु, शकु, पाणी हवंय का?" असं विचारत होते. त्या मुलाकडे पाहत नव्हत्या. त्या विनिताकडे पाहत होत्या.

हरीशने गडबडीने पूजा आटोपती घेतली. देव मांडलेला तसा ठेवून जाता येत नाही, म्हणून शेवटी बाळासाहेब एकटेच पाटावर बसले. शिऱ्याचा प्रसाद प्रत्येकाने घेतला, कारण प्रसादाला नाही म्हणत नाहीत. पण दाराशी जँडल्स शोधायची घाई अशी झाली, की दोघं एकमेकांच्या घालून गेले. गुरुदत्त संध्याकाळी बॅग भरून अॅडिंग्टनला गेला. जाताना दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला, "समाधान झालं?" विनिता म्हणाली, "हो." आणि ते खोटं नव्हतं.

साक्षीदारांचं मात्र तिचं गणित साफ चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने सुरेखाला फोन केला. सुरेखा तिची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. पूजेत पुढच्याच रांगेत बसली होती.

"दोन ओळी लिहून दे फक्त. तो इथं राहत नव्हता एवढंच. तुला तर माहीत होतं पहिल्यापासून."

"माहीत होतं गं," सुरेखा अडखळली. "पण आमच्या यांच्या रेसिडेन्सीचं अजून व्हायचंय. गव्हर्नमेंटच्या कागदावर उगाच नाव कशाला? आणि तू असं सगळ्यांच्या समोर... आईंच्या तोंडावर... मला तर बाई कसंतरीच झालं."

हरीशने मेसेज पाठवला, की तो मंडळाच्या कामात न्यूट्रल राहू इच्छितो. बाकीच्यांनी तेही केलं नाही. दारी आलेल्याला पाणी देतील, पण सही कुणी देणार नाही.

शकुंतलाबाई दोन दिवस जवळजवळ बोलल्याच नाहीत. गोळ्या वेळेवर घेत होत्या, जुईची वेणी घालत होत्या. गुरुदत्तचे फोन येत होते, ते बाळासाहेब उचलून अंगणात जाऊन बोलत. गॅरेजमध्ये त्या एकदा एकट्याच जाऊन आल्या. बराच वेळ आत होत्या. विनिता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती आणि तिला आत जायचा धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या नेसून, केस विंचरून बाहेर आल्या. "त्या हपिसात जायचं असेल तर मी येते," त्या म्हणाल्या. "मला विचारा म्हणावं काय विचारायचं ते."

ऑफिसच्या छोट्या खोलीत ट्रेसी नावाची बाई होती. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून तिने दोघींना बसवलं. टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यातून ऑकलंडहून एक दुभाषा बोलणार होता. शकुंतलाबाईंना इंग्रजी थोडंफार यायचं, पण त्या म्हणाल्या, "साक्ष आहे. मी माझ्या भाषेत देईन." ट्रेसीने विनिताला बजावलं, यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. विनिताने मान हलवली.

"तुमचा मुलगा आणि ही, नवरा-बायकोसारखे राहत होते का?" दुभाष्याने विचारलं.

"मला तसंच वाटत होतं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पूजेच्या दिवसापर्यंत."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं आणि ट्रेसीने लिहून घेतलं.

"म्हणजे तीन महिने एका घरात राहून तुम्हाला ते जोडपंच वाटलं?"

"वाटलं. कारण वाटावं म्हणून दोघांनी फार कष्ट घेतले." शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला. वॉर्डात डॉक्टरांना पेशंटचा अहवाल द्यावा तशा त्या बोलू लागल्या. "आता एकेक आठवतं. रोज सकाळी हिच्या पलंगावर दोन उशा असायच्या, पण एकीलाच खळगा. मी तीस वर्षं पलंग लावलेत, डोळ्यांना दिसत होतं, मी बघितलं नाही. तो हिला हाक मारायचा ती आमच्यासमोर. आम्ही खोलीत गेलो की घरात बोलण्याचा आवाज यायचा नाही. भांडणाचाही नाही. मी म्हणायची, किती समजूतदार आहेत. परवा मी गॅरेजात जाऊन आले. एका माणसाची गादी, एक झोपायची पिशवी, त्याचं मागं राहिलेलं दाढीचं सामान, खालच्या फरशीची ओल कोपऱ्यातून गादीला लागलेली. दोन-चार दिवसांची ओल नव्हती ती. खरी नवरा-बायको असली तर एवढे कष्ट घ्यावे लागत नाहीत, बाई. लिहा. ती दोघं वेगळी होती."

फोनमधला आवाज थोडा थांबून थांबून सांगत होता. ट्रेसीचं पेन चाललं होतं. प्रत्येक वाक्यागणिक विनिताच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं, हे तिला स्पष्ट कळत होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक तिला मान वर करणं अवघड होत होतं.

"आणखी काही सांगायचंय का?"

"माझ्या मुलानं नातीचे पैसे खाल्ले. ते त्याच्याकडनं वसूल करा. मी आई आहे म्हणून सोडू नका." एवढं म्हणून त्या थांबल्या. "त्यानं मला फसवलं, ते मी त्याला विचारीन. हिनंही फसवलं. रोज रात्री ही माझ्या पायाला तेल लावायची. मी नको म्हटलं तरी लावायची. ते खरं होतं की तेही त्या नाटकातलंच, ते मला कळत नाही." फोनकडे पाहत त्या म्हणाल्या, "हे शेवटचं त्यांना सांगू नका. हे लिहायचं नाही."

पण दुभाष्याचं काम सगळं सांगायचं. त्याने सगळं सांगितलं, सांगू नका म्हणाल्या तेही सांगितलं. ट्रेसीचं पेन थांबलं. तिने एकदा विनिताकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

विनिताला बोलायची परवानगी नव्हती.

निकाल पुढच्या आठवड्यात कळणार होता, आणि विनिताच्या बाजूने लागलाही. काहीच परत करावं लागलं नाही, आठवड्याचे पैसे पुन्हा सुरू झाले, आणि गुरुदत्तकडून मेपासूनचं सगळं दंडासकट वसूल व्हायला लागलं. मंडळाने नवीन सेक्रेटरी नेमला. ते वाचताना विनिता एकटीच हसली होती. पुन्हा तो पाट मांडला असता तर पुन्हा तिने हात लावला नसता, याबद्दल तिला तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही.

त्या दिवशी मात्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये बोचरा वारा सुटला होता. विनिताने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. शकुंतलाबाईंनी स्वतः मागचं दार उघडलं आणि त्या मागे बसल्या. विनिता स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. किल्ली फिरवायला होईना.

"आई, ते तेल लावणं खरं होतं," ती समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली. "तेवढं खरं होतं."

मागून बेल्ट ओढल्याचा आवाज आला. त्यांना तो नीट लागत नव्हता, दोनदा सुटला. विनिता मदतीला वळली तशी त्यांनी हात आडवा केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच लावला.

"असेल," शकुंतलाबाई म्हणाल्या. "चला, पोरीची शाळा सुटेल."